दाबा मामा, धरा मामा!

अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडं पडतं. ती तूट भरून काढायला पंचांगवाले साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा घालतात आणि त्याचा खर्च मुलीच्या बापावर टाकतात. धोंड्याचं जेवण, पोशाख, ऐपतीप्रमाणे एखादी वस्तू आणि ताटभर अनारसे, तेही मोजून ३३. द्यायचा पदार्थ जाळीदार हवा असा नेम आहे, म्हणून अनारसे नाहीतर बत्तासे. अनारशाला जाळी पडली तर सुगरणीचं नाव होतं, नाही पडली तर भावकीत चर्चा होते. ज्या महिन्यात पोकळीला एवढा मान, नेमक्या त्याच महिन्यात माझ्या गाडीच्या क्लचमध्ये हवा शिरली. तिथे मात्र तिचं कुणीही कौतुक केलं नाही.

२०२३ साली श्रावण अधिक होता. सासुरवाडी वाईच्या पलीकडे, त्यामुळे पुण्याहून निघून खंबाटकी घाट चढणं आलं. गाडीचं नाव सांगत नाही, तिलाही अब्रू आहे. एवढंच सांगतो की ती सेकंड हँड सेडान आहे आणि तिचा क्लच तेलावर चालतो. आधीच्या गाडीला केबल होती. केबल तुटायची, नवी टाकायची, विषय संपायचा. तेलाच्या क्लचचं तसं नाही. पाय पेडलवर पडला की वरच्या सिलिंडरातला दट्ट्या तेल ढकलतो, तेल नळीतून खाली जातं, गिअरबॉक्सपाशी बसलेल्या खालच्या सिलिंडराचा दांडा बाहेर येतो, तो काटा ढकलतो, काटा बेअरिंग ढकलतो, आणि बेअरिंगने प्रेशर प्लेट दाबली की मग क्लच प्लेट सुटते. आपल्याकडच्या सरकारी अर्जाचाही प्रवास याहून थोडा सुटसुटीत असतो.

घाटाच्या मध्यावर दुसरा गिअर पडेना. पेडल मऊ झालं होतं. सुरूर फाट्याला वाईकडे वळेपर्यंत ते जे जमिनीला टेकलं ते वर यायचं नावच घेईना. बायको म्हणाली, "अरे, पायाखाली काहीतरी ओलं लागतंय तुझ्या." वरचा सिलिंडर गळून तेल आत, मॅटवर उतरलं होतं. तिथून पुढे मी पहिला गिअर टाकून स्टार्टर मारायचा, गाडीनं उडी घेऊन चालू लागायचं आणि मग इंजिनाचा सूर ऐकत अंदाजानं गिअर सरकवायचा, अशा पद्धतीनं सासुरवाडी गाठली. दारात गाडी उभी करायला गिअरमध्येच ब्रेक दाबून ती बंद पाडावी लागली. शेवटचा हिसका एवढा होता की ओवाळायला आलेल्या मामींच्या ताटातली सुपारी त्यांनीच घाबरून खाली टाकली.

"अहो, सावकाश," बायको म्हणाली. पुण्यात ती मला अरे म्हणते. घाट ओलांडला की अहो सुरू होतं, आणि ते परतीच्या बोगद्यापर्यंत टिकतं.

मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र जावयाचा फार अभिमान वाटला. मामा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. पसरणी घाट त्यांच्या पायाला पाठ. "क्लचबिगर आणली व्हय? फाट्यापास्नं? झ्याक!" माझ्या नोकरीचं, पगाराचं, फ्लॅटचं त्यांनी आजवर कधी एवढं कौतुक केलं नव्हतं. "आमच्या वक्ताला दोनदा क्लच मारून गिअर टाकायचा. तुमच्या गाड्यांना काय, लोण्यात सुरी." त्या रात्री जेवताना मला गिअरबॉक्समधल्या दातांची सविस्तर माहिती मिळाली. विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. वरचा सिलिंडर गेलेला होताच, खालच्याचंही रबर फाटलेलं निघालं. दोन्ही नवे बसवायचे ठरले. मामांचं म्हणणं, नुसतं रबरांचं किट टाका. मिस्त्रीचं म्हणणं, आतली भिंत खरवडलीय, नवं रबर महिनाभर टिकंल. यात मिस्त्री बरोबर होता. गोठ्यापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यानं गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, सिलिंडर बसवले, नळ्या आवळल्या. आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पसरणी घाटात दुधाचा टेंपो अडकला होता.

"साहेब, काम झालंय समदं. फकस्त एअर काढायची ऱ्हायलीय. एकानं वर दाबायचं, एकानं खाली निप्पल सोडायचं. तुमी दोगं हाईसाच." आणि तो मोटारसायकलवरून पावसात दिसेनासा झाला. जाताना ठेवून गेला तो १० नंबरचा रिंग पाना, सलाईनची नळी आणि अर्धा लिटर ब्रेकचं तेल. क्लचलाही ब्रेकचंच तेल लागतं, बॉनेटखालची तेलाची टाकीही दोघांची एकच.

हवा काढण्यामागचं शास्त्र शाळेतलंच आहे. तेल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून इथे ढकललं की तिथे सरकतं. सतराव्या शतकात पास्कलनं हे सांगून ठेवलं. हवा मात्र आकसते. नळीत हवा असली की पाय तिलाच दाबत बसतो, खालच्या दांड्यापर्यंत काही पोचतच नाही. आणि एका दाबात वरचा सिलिंडर तेल ढकलतो किती, तर जेमतेम चमचाभर. त्या चमच्यातलं अर्धं बुडबुड्यांनी खाल्लं की गिअर पडत नाही. ही हवा बाहेर कशी काढायची? पेडल पूर्ण दाबायचं, दाबून धरायचं. खालचा माणूस निप्पल, म्हणजे खालच्या सिलिंडरावरची हवा काढायची तोटी, सैल करतो, नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. निप्पल आवळायचा. मगच पेडल सोडायचं. निप्पल उघडा असताना पेडल सुटलं तर सिलिंडर बाहेरची हवा परत आत ओढतो आणि केलेलं सगळं वाया जातं. दाबा, धरा, सोडा. तीन शब्द आहेत. पुस्तकात याला दहा-पंधरा मिनिटांचं काम म्हणतात, पण पुस्तक लिहिणाऱ्यानं पेडलवर सासऱ्याला बसवलेलं नसतं.

पहिली अडचण खाली कुणी जायचं ही. मामा धोतराचा काचा मारून तयार झाले, पण सत्तरीच्या माणसाला गाडीखाली कसं घालणार? मी निघालो तर मामी आडव्या आल्या. "धोंड्याचा जावई चिखलात झोपतोय, गाव काय म्हणंल?" ज्या महिन्यात सासऱ्यानं जावयाचे पाय धुवायचे, त्या महिन्यात जावई सासऱ्याच्या पायाखाली दीड फुटावर आडवा होतोय, हे त्यांना धर्माच्या विरुद्ध वाटत होतं. शेवटी युरियाचं रिकामं पोतं अंथरून, त्यावर जुनी चादर घालून, तिच्यावर मला झोपवण्यात आलं. एवढ्या सन्मानानं गाडीखाली गेलेला मी पहिलाच असेन.

बायकोला बॉनेटपाशी टाकीवर बसवलं. म्हणजे उभं केलं. तिनं तेलाच्या पातळीवर नजर ठेवायची. क्लचची नळी टाकीला जरा वरच्या बाजूला जोडलेली असते. त्यामागे शहाणपण आहे: क्लचकडून तेल गळालं तरी तळातलं तेल ब्रेकसाठी शिल्लक राहावं. गाडी गिअरमध्ये न पडलेली परवडते, पण न थांबलेली नाही. पण त्याचाच अर्थ असा, की हवा काढताना पातळी थोडी जरी उतरली तरी क्लच आधी हवा पितो.

"मामा, दाबा," मी खालून म्हणालो.

वर पेडल आपटल्याचा आवाज झाला. मी पाना लावला, निप्पल पाव आटा सैल केला. बाटलीत बुड्‌बुड्‌ झालं आणि लगेच नळीतलं तेल उलटं वर चढलं. मामांनी पेडल सोडलं होतं.

"मामा, दाबून धरायचं. मी सांगेपर्यंत."

"बरं."

पुन्हा तेच. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मामा कुणाचं ऐकत नव्हते अशातला भाग नाही, त्यांचा पाय ऐकत नव्हता. एसटीत असताना त्यांच्या मनावर बिंबवलं होतं की क्लचवर पाय ठेवून बसणारा ड्रायव्हर हा प्लेट जाळणारा ड्रायव्हर. दाबायचं, गिअर टाकायचा, पाय बाजूला. अख्खी नोकरी त्यांनी या एका तत्त्वावर काढली आणि बिनडागी निवृत्त झाले. आता जावई म्हणतो म्हणून ते तत्त्व मोडायचं? "आवो, पर कशापायी धरायचं? प्लेट जळंल की!" इंजिन बंद आहे, प्लेट फिरतच नाहीये, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी मान्यही केलं. पायानं नाही केलं.

इथे मित्र असता तर मी काय बोललो असतो ते छापता येणार नाही. मुलगा असता तर आवाज चढवला असता. पण वर मामा होते, आणि मी धोंड्याचा जावई. सासऱ्याला हुकूम सोडायची सोय आपल्या भाषेनं केलेली नाही. "दाबा मामा. आता जरा धरून ठेवता का? हां, असंच राहू द्या बरं का, थोडा वेळ." एवढं आदबशीर वाक्य पूर्ण होईपर्यंत पाय वर आलेला असायचा. या कामात हुकूम दोन अक्षरी हवा, आणि मी बोलत होतो ते लग्नपत्रिकेतलं मराठी.

त्यात पेडल आपलं आपण वर येत नव्हतं. आत हवा असली की ते खालीच पडून राहतं, पायाचा चवडा मागून घालून उचलावं लागतं. मामांना ते जमेना, म्हणून दर वेळी ते वाकून हातानं उचलायचे. उचललं की मला कळावं म्हणून एक हॉर्न. दाबलं की दोन. ही युक्ती त्यांचीच, न विचारता काढलेली. परिणाम एवढाच झाला की हॉर्न ऐकून भावकी गोळा झाली.

भावकीत क्लचबद्दल अज्ञान असलेला एकही माणूस निघाला नाही. एकानं सांगितलं, गाडी उतारावर उभी करा. दुसरा म्हणाला, निप्पल उघडा ठेवून तासभर विसरून जा, तेल आपल्या वजनानं येईल आणि हवेला हाकलंल. ही पद्धत खरी आहे. काही गाड्यांत चालतेही, पण नळीला कुठं उंच वळण असलं की हवा तिथं दडून बसते आणि तेल तिच्या अंगाखालून निघून जातं. माझ्या गाडीत नळी इंजिनाच्या मागून वर चढून मग खाली उतरते, हे मला दिसत होतं, पण आडव्या माणसाच्या बोलण्याला उभी माणसं किंमत देत नाहीत. मागून एक आजी म्हणाल्या, "गॅस धरलाय म्हंत्यात न्हवं? मग ओवा द्या की." यावर सगळे हसले, आणि हसण्यात मामांनी पेडल सोडलं.

मग चुलतसासरे आले, तात्या. हातात ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल, पाच लिटरचा कॅन. "त्या चिमूटभर बाटलीनं काय व्हतंय? ह्ये वता. ह्यो नांगर उचलतोय, तुमचा क्लच न्हाई उचलणार?" युक्तिवाद बिनतोड होता. आणि झाकण उघडून ते टाकीकडे निघालेही होते. मी गाडीखालून इतक्या वेगानं बाहेर आलो की कोपरं सोलली. ब्रेकचं तेल वेगळ्या जातीचं असतं. आतली रबरं त्याच तेलासाठी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात, मऊ पडतात. टाकी एकच, म्हणजे क्लचबरोबर ब्रेकचीही रबरं गेली. पण हे चुलतसासऱ्यांना कसं सांगायचं? ते तेल जावयासाठी आणलेलं. मान न ठेवावा तर वर्षभर बोलणी, ठेवावा तर सुरूर फाट्याला ब्रेक फेल. मी मामांकडे पाहिलं. मामा सीटवरून न उठता एवढंच म्हणाले, "तात्या, बाजूला हो." सख्ख्या भावाशी बोलायला त्यांना तीन शब्द पुरले. मला हेवा वाटला.

ब्रेकच्या तेलाची आणखी एक खोड अशी की ते हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलं की ते लवकर उकळतं. डॉट ४ या प्रतीचं बाटलीतलं कोरडं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेल्याचा हिशोब १५५ वर येतो. म्हणून बाटलीचं झाकण सारखं लावत जायचं. बाहेर श्रावणी सर, आणि बाटली बायकोच्या हातात उघडी. मी झाकण झाकण म्हणून ओरडत होतो, ती स्वयंपाकघराकडे तोंड करून मामींना अनारशाचं पीठ किती सैल आहे ते सांगत होती. शेवटी दोघींचं एकमत झालं तेव्हा टाकीतली पातळी क्लचच्या नळीखाली गेलेली होती. नळीनं हवेचा मोठा घोट घेतला. सकाळपासूनची सगळी मेहनत त्या अनारशांच्या पिठात गेली.

"तू बघत नव्हतीस का?"

"अहो, बघतच होते," ती म्हणाली. सगळ्यांच्या देखत तो अहो फार गोड लागला असेल. त्यातली धार फक्त मला ऐकू आली.

दुपार झाली. धोंडे वाफवून झाले होते, पाट मांडले होते, रांगोळी घातली होती, आणि ज्याच्यासाठी हे सगळं तो युरियाच्या पोत्यावर होता. मामी दर थोड्या वेळानं येऊन गाडीखाली वाकून पाहायच्या आणि न बोलता परत जायच्या. न बोललेलं फार टोचतं. मिस्त्रीला फोन लावला तर तो घाटात, रेंज नाही.

सोडवणूक झाली ती शेजारच्यांच्या म्हशीमुळे. तिला ताप होता म्हणून जनावरांचे डॉक्टर आले होते, आणि गर्दी दिसली की डॉक्टरही थांबतातच. त्यांनी नळी पाहिली, बाटली पाहिली, आणि म्हणाले, "वरून खाली कशाला ढकलताय? हवा वर जाते. खालून वर ढकला." बॅगेतून त्यांनी कोरी करकरीत मोठी सिरिंज काढून दिली. परत नको म्हणाले, तेल लागल्यावर ती जनावराला चालणार नव्हती.

एवढी साधी गोष्ट. मी वरच्या टाकीतलं थोडं तेल आधी उपसून काढलं, नाहीतर खालून भरताना ते ओसंडतं. सिरिंजमध्ये नवं तेल भरलं, टोक वर करून तिच्यातली आणि सलाईनच्या नळीतली हवा घालवली, डॉक्टर इंजेक्शनआधी करतात तसंच. डॉक्टर शेजारी बसून मान डोलावत होते. नळी निप्पलवर चढवली, निप्पल सैल केला आणि दट्ट्या अगदी हळू दाबत गेलो.

"बुडबुडे!" बायको वरून ओरडली. "अहो, बुडबुडे येतायत! किती!"

भावकी बॉनेटवर वाकली. तेल चढत होतं, उंच वळणात सकाळपासून ठाण मांडून बसलेली हवा पुढे सारत होतं, आणि टाकीत फुगे फुटत होते. लोक इतक्या आपुलकीनं पाहत होते की टाकी भरत आल्याचं कुणी सांगितलं नाही. तेल ओसंडून फेंडरवर आलं. हे तेल रंग खातं. पुसलं तर पसरतं, म्हणून भरपूर पाण्यानं धुवायचं असतं. मामींनी जावयाचे पाय धुवायला आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या तिथेच होता. तो फेंडरवर ओतला गेला. गाडीचे पाय धुतले गेले, असं डॉक्टर म्हणाले आणि म्हशीकडे गेले.

निप्पल आवळला. मामांनी पेडल दाबलं. ते अर्ध्यात घट्ट झालं आणि पाय उचलताच पायामागून वर आलं. मामांनी परत दाबलं, परत आलं. चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "उठला क्लच!" इंजिन सुरू करून गिअर टाकले, सगळे पडले, रिव्हर्ससुद्धा न करकरता. मी आंघोळ केली, नवा पोशाख घातला, पाटावर बसलो, ओवाळून घेतलं आणि धोंडे तुपात बुडवून इतके खाल्ले की त्यांचाही हिशोब पंचांगात जुळला नसता.

संध्याकाळी मिस्त्री उगवला. काही न विचारता गाडीत बसला, पेडल दोनदा दाबलं, मान डोलावली. "बेस्ट काढलीसा की!" मग बॉनेट उघडून टाकीत बोट बुडवलं, बोट उजेडात धरलं. "पर साहेब, ब्रेकचं तेल काळं पडलंय. टाकी एकच. आता जुनं नवं एक झालंय. चारी चाकांचं बदलून घिऊया, बाटलीत हाय उरलेलं. रीत तीच. लांबच्या चाकापास्नं सुरू करायचं, म्हंजे मागचं डावं." आणि त्याचा फोन वाजला.

मी नव्या पोशाखाकडे पाहिलं. मामी माझ्याकडे पाहत होत्या. मामांनी सदरा काढून खुंटीला लावला, पोतं उचललं, आणि म्हणाले, "जावईबापू, तुमी वर बसा. ह्या बारीला मी जातो खाली."

"मामा, अहो..."

"बसा!"

मी बसलो. ते मागच्या चाकापाशी आडवे झाले, पान्याचा खणखणाट झाला. काही क्षण शांतता होती. मग गाडीच्या मागून एसटीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला:

"दाब!"

मी दाबलं.

"धर! आरं धर म्हंतोय न्हवं! सोडतूस कशापायी? ड्रायव्हर हायस का कोन? धर!"

स्वयंपाकघरातून मामी धावत बाहेर आल्या. "आवो, जावई हायत ते!"

"ठावं हाय मला," खालून मामा म्हणाले. "सोड!"